डोंगरावरचं पाणी, डोंगरावरची फुलं



जयंतीचा हिशेब झाला आणि ११ हजार ६०० रुपये उरले. आमच्या मंडळाकडे पहिल्यांदाच काही उरलं. एरवी डीजेवाल्याचं देणं फेडता फेडता पावसाळा येतो. या वेळी डीजे लावला नव्हता, म्हणून उरले. मग चारकोपला आमच्या पत्र्याच्या खोलीत बैठक बसली. अभ्यासवर्गाला येणाऱ्या अकरा पोरापोरींनी अर्ज दिला होता. अर्ज म्हणजे वहीचा फाडलेला कागद. त्यावर लिहिलं होतं, आम्हाला साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघायला घेऊन चला. खाली अकरा सह्या. एका पोरीनं मोबाइलवर फोटो बघितला होता आणि बाकीच्यांना वेड लावलं होतं.

आमच्यातला एक साथी उठला. आमच्यात सगळ्यात जास्त वाचलेला माणूस. तो म्हणाला, "फुलं? वस्तीत दोन दिवसाआड पाणी येतं, खाडीकडच्या झोपड्यांना नोटिसा आल्यात, वाचनालयाला कपाट नाही, आणि आपण जयंतीच्या पैशानं फुलं बघायला जायचं? बाबासाहेबांच्या नावानं लोकांनी दहा-दहा रुपये दिले ते यासाठी?"

खोली गप्प झाली. मतं घेतली. जाण्याच्या बाजूनं नऊ, विरोधात सहा.

मी विरोधात हात वर केला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की हा पहिल्यापासून फुलवेडा होता. पण ठराव झाला की झाला. पोरांसोबत दोन मोठी माणसं हवी होती. दोन खाडे करायला कुणी तयार होईना. मी झालो. माझी आईही म्हणाली, मी येते. मोठ्यांनी आपला खर्च आपण करायचा असं ठरलं.

हा लेख त्या सहलीचं वर्णन करायला लिहीत नाही. साथीनं विचारलेला प्रश्न मला अजून सुटलेला नाही, म्हणून लिहितोय. प्रश्न असा: ज्यांचं जगणं अजून गटाराच्या कडेला आहे, त्यांनी डोंगरावर जाऊन फुलं बघावीत का? बघितली तर ती लढ्याशी बेइमानी होते का?

साथीची बाजू आधी नीट मांडतो. त्याची टिंगल करून जिंकायचं नाही मला.

त्याचं पहिलं म्हणणं असं, की फुलापाखरांचं कौतुक ही भरल्या पोटाची कविता आहे. आपल्या आधीच्या पिढीनं मराठी साहित्याला हाच सवाल विचारला होता. तुमच्या कवितेत चंद्र आहे, मोगरा आहे, पण मेलेलं ढोर ओढणारा माणूस कुठाय? त्या पिढीनं ती फुलं-पाखरं भिरकावून दिली आणि बरोबरच केलं. ती भिरकावली नसती तर हे सायक्लोस्टाईलचं पान तुमच्या हातात आलंच नसतं. दुसरं म्हणणं पैशाचं. लोकवर्गणीचा पैसा गरजेला जावा, हौसेला जाऊ नये. तिसरं म्हणणं जास्त खोल आहे. सुंदर गोष्ट माणसाला थंड करते. डोंगरावरून खाली बघितलं की झोपडी लहान दिसते, तिचं गळकं छप्पर दिसत नाही.

ही तिन्ही म्हणणी डोक्यात घेऊन मी बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतून रात्रीच्या एसटीत चढलो. मुलींना आणि आईला अर्धं तिकीट होतं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, नाहीतर ११ हजार ६०० मध्ये हे बसलंच नसतं.

थोडं माझ्याबद्दल. मी मिलमध्ये काम करतो. मिल म्हटलं की लोक हसतात, अजून राहिल्यात होय? मोठ्या गेल्या. माझे आजोबा गिरणगावात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरात तो कधी संपलाच नाही. मग कुटुंब चारकोपला आलं. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडानं इथं छोटे छोटे प्लॉट पाडले होते, त्यातल्या एका घरात पोटभाड्यानं. मी ज्या मिलमध्ये आहे ती बारकी आहे, ठेकेदाराची माणसं, कापड रंगवायचं काम. मी रंगखात्यात जिगर मशीनवर असतो. रोज ५५० रुपये. खाडा झाला की तेवढे गेले. रंग म्हणजे माझ्यासाठी पिंपात कालवायची पावडर. जांभळा म्हणजे नखात बसणारा, आठ दिवस न निघणारा जांभळा. कुणी रंगाचं कौतुक करायला लागलं की मला मिलमागचं गटार आठवतं.

सकाळी साताऱ्यात उतरलो. दोन वडाप ठरवल्या. साताऱ्याहून कास साधारण २५ किलोमीटर. शहर सोडलं की यवतेश्वरचा घाट लागतो. चढ संपल्यावर रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो. एकीकडे कण्हेर धरणाचं पाणी दिसतं, दुसरीकडे उरमोडीचं. ढग रस्त्यावर येत होते. पोरांनी खिडकीतून हात बाहेर काढून ढग पकडायचा प्रयत्न केला. मला त्यांना ओरडायचं होतं, हात आत घ्या. ओरडलो नाही. चारकोपच्या पोरांना ढग हाताला कधी लागणार?

पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. जमीन म्हणजे जांभा दगड, वर मातीचा पातळ थर. कुठे चार बोटं, कुठे तेवढीही नाही. जून ते सप्टेंबर पाऊस झोडपतो, पाणी साचतं, नंतर उन्हाळ्यात तोच दगड तव्यासारखा तापतो. मोठं झाड तिथं तग धरत नाही. म्हणून लहान झाडं. आणि ती लहान झाडं ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत घाईघाईनं फुलून घेतात, कारण पाणी आटायच्या आत बी धरायचं असतं. फुलणाऱ्या वनस्पतींच्या साडेआठशेवर जाती तिथं नोंदल्यात. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात कास आहे.

तेरड्याचे गुलाबी पट्टे होते. गेंदाचे पांढरे ठिपके होते. पिवळी सोनकी होती. आणि एक बुटकं जांभळं फूल होतं, सगळ्या पाणथळ जागेवर पसरलेलं. त्याला सीतेची आसवं म्हणतात. तिथल्या माणसानं सांगितलं की हे झाड किडे खातं. मुळापाशी बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले जीव ओढून घेतं. दवबिंदू नावाचं दुसरं एक झाड आहे, त्याच्या पानावर चिकट थेंब असतात, माशी बसली की अडकते. का खातात? तर त्या मातीत पोषण नाही, नत्र कमी आहे. माती देत नाही म्हणून झाड शिकार करतं.

आता मी कवी. हे ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात ओळी तयार व्हायला लागल्या. नापीक कातळावर उगवलेले आम्ही, मातीनं नाकारलेले आम्ही, वगैरे वगैरे. वही काढली सुद्धा. मग थांबलो. मला माझीच लाज वाटली. या झाडाला मी कोण, माझी जात कोणती, माझा पगार किती, याच्याशी काही देणंघेणं नाही. मी आलो नसतो तरी ते फुललं असतं. त्याला धरून माझ्या दुःखाची पाटी त्याच्या गळ्यात अडकवायची मला काय गरज? जुन्या कवींनी फुलाला प्रेयसीचा गाल केलं. मी त्याची मूठ करणार. दोघांनीही फूल बघितलंच नाही.

वही पिशवीत टाकली आणि उकिडवा बसून बघत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. मिलमध्ये लघवीला जायचं तरी मुकादमाकडे बघावं लागतं. कुणालाही न विचारता, कशाचाही उपयोग न करता, एका गोष्टीकडे इतका वेळ बघण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिली खेप असेल. सव्वीस वर्षांत पहिली. हे मला सुखाचं वाटलं नाही. राग आला. हे आपल्याला कुणी दिलंच नाही, याचा राग.

म्हणजे साथीचं तिसरं म्हणणं माझ्या बाबतीत तरी उलटं पडलं. सुंदर गोष्टीनं थंड केलं नाही, डिवचलं.

आई माझ्या शेजारी उभी होती. ती जावळी तालुक्यातली. लहानपणी अशाच डोंगरावर वाढलेली. तिनं चारी बाजूला बघितलं आणि म्हणाली, "हा तर सडा." आम्ही ज्याला पठार म्हणून पैसे भरून आलो होतो तो तिच्यासाठी सडा होता. ती म्हणाली, "आमी सड्यावर यायचो ते खाली मान घालून. शेण कुठं पडलंय ते बघायचं, गोवऱ्या थापायला. गवत कापायचं. फुलं व्हती, पर बगायला टाइम कुणाला?" मग तेरड्याकडे बोट करून म्हणाली, "ह्याची गौर करायची लोकं. माजी आज्जीबी करायची. धर्म घेतला आन सोडलं." मी म्हणालो, बरं झालं सोडलं. ती म्हणाली, "देव सोडला. फुलाचा काय दोष?"

हे वाक्य मी बैठकीत ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त वेळ डोक्यात धरून आहे.

१९५६ साली आपण खूप काही टाकलं. टाकायलाच हवं होतं. पण टाकताना काही गोष्टी ज्यांच्या हातात होत्या त्यांच्या मालकीच्या समजून टाकल्या गेल्या. फूल देवाच्या डोक्यावर दिसलं म्हणून ते देवाचं झालं. कवितेत दिसलं म्हणून साहेबाचं झालं. पण ते सड्यावर दिसलं होतं आईला, शेण वेचताना. सगळ्यात आधी तिनंच बघितलं होतं. तिला फक्त मान वर करायची मुभा नव्हती.

आता मी जे सांगतोय ते तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो. ज्या साताऱ्यातून आम्ही कासला गेलो त्याच साताऱ्यात बाबासाहेबांचं बालपण गेलं. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमरावाचं नाव तिथल्या सरकारी शाळेत दाखल झालं. आता तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेत तहान लागली तर त्या मुलाला नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायानं नळ सोडायचा, मग प्यायचं. शिपाई नसेल त्या दिवशी तहानेलं राहायचं. आणि आज वडापवाला आम्हाला सांगत होता, ह्यो कासचा तलाव, सातारा शहराला हितनं पाणी जातं, ब्रिटिशांच्या काळापासनं.

१९०१ च्या सुट्टीत हा मुलगा आपल्या भावाबरोबर आणि बहिणीच्या मुलाबरोबर वडिलांना भेटायला निघाला. वडील दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलांनी नवे कपडे घातले होते, भारीतल्या टोप्या घातल्या होते. ती त्यांची सहलच होती. मसूर स्टेशनावर उतरले. न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं विचारलं, तुम्ही कोण? खरं सांगितल्याबरोबर तो मागे सरला. गाडीवाले नेईनात. दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा एक तयार झाला, तेही मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि त्यानं बाजूनं चालायचं, या अटीवर. डबे भरलेले होते, पण घशाखाली उतरायला पाणी नव्हतं. रात्री डोंगराच्या पायथ्याशी टोलनाका लागला. तिथल्या माणसाकडे पाणी मागितलं. त्यानं सांगितलं, पाणी डोंगरावर आहे, पाहिजे तर जाऊन आणा, माझ्याकडे नाही. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे.

पाणी डोंगरावर आहे. पठारावर उभं राहून मला हेच आठवत राहिलं. साथी, तू म्हणतोस की डोंगर ही हौसेची जागा. पण आपल्या माणसांना डोंगर नेहमी असाच दाखवला गेलाय. पाणी तिकडे आहे, सरपण तिकडे आहे, शेण तिकडे आहे, जाऊन आणा. डोंगर म्हणजे कामाची जागा किंवा हाकलून द्यायची जागा. तिथं नुसतं उभं राहायचं, काही न आणता परत यायचं, हे आपल्या नशिबी कुणी लिहिलंच नव्हतं. हौस ही चीज दुसऱ्यांसाठी राखून ठेवली होती. मग ती राखीव जागा तशीच ठेवून आपण फक्त गरजेचीच मागणी करत राहिलो, तर जिंकलो की हरलो?

महाड आठवा. २० मार्च १९२७. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, असा बोल्यांचा ठराव १९२३ सालीच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनं तळं कागदावर खुलं केलं होतं. पण पाऊल कुणाचं पडलं नव्हतं. बाबासाहेब लोकांना घेऊन गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. नुसती तहान भागवायची असती तर एवढ्या हजारो माणसांनी महाडला जायची गरज नव्हती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी हे स्पष्टच सांगितलं की मुद्दा माणूसपणाचा आहे. गरजेपेक्षा हक्क मोठा, हे आपल्याला तळ्यानं शिकवलं. मग फुलाच्या बाबतीतच आपण गरजेची मोजपट्टी का लावतो?

पण थांबा. इथं मी फार सोपं करतोय, आणि ते सोपं करणं किती वाईट हे मला तिथंच कळलं.

आमच्यातला एक पोरगा, नववीतला, पायवाट सोडून फुलांमध्ये शिरला. फोटो काढायला. लगेच शिट्टी वाजली. तिथं आजूबाजूच्या गावांची वन समिती आहे, कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांतली माणसं पठार सांभाळतात. शिट्टीवाला साठीचा, रेनकोट घातलेला, पायात फाटके बूट. तो ओरडला, बाहेर ये. पोरगा हटेना. उलट मोठ्यानं म्हणाला, "बाबासाहेबांनी तळं खुलं केलं, तुम्ही कोण आम्हाला अडवणारे?"

मला एका क्षणी अभिमान वाटला. खरं सांगतो. मीच शिकवलं होतं त्याला महाड. दुसऱ्या क्षणी त्याच्या पायाखाली बघितलं. सीतेची आसवं चिखलात गेली होती, बुटाच्या मापाची.

म्हातारा जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "बाळा, अडवायला न्हाई. पाय पडला की पुढल्या साली तितं उगवत न्हाई. माती एवढीशीच हाय." आणि त्यानं बोटाच्या पेरानं दाखवलं किती.

पोरगा बाहेर आला. माझ्याकडे बघत होता, की दादा, तूच सांग कोण बरोबर. मला लगेच उत्तर देता आलं नाही. परतीच्या एसटीत पुण्यापर्यंत मी तेच घोळवत होतो. आता जे सुचलं ते सांगतो.

मनाई वेगळी आणि मर्यादा वेगळी. मनाई विचारते, तू कोण? मर्यादा विचारते, तू काय करतोयस? तळ्यावर मनाई होती. गुरं पाणी पीत होती, माणूस पिऊ शकत नव्हता, आणि तेही विशिष्ट पोटी जन्मला म्हणून. पठारावर मर्यादा आहे. दिवसाला ३ हजार माणसं, पायवाटेवरून चला, तोडू नका. ती सगळ्यांना सारखी असेल तर ती पाळण्यात आपला अपमान नाही. उलट आपण समतेची भाषा बोलणारी माणसं, आपल्याला ती जास्त कळायला हवी. माझ्यानंतर येणाऱ्यालाही हे फूल दिसलं पाहिजे, ही समताच आहे. ती फक्त आज रांगेत उभ्या असलेल्यांपुरती नसते.

मग मी आणखी एक गोष्ट विचारली त्या म्हाताऱ्याला. कुंपण नाही का? तो म्हणाला, होतं. तारेचं कुंपण घातलं होतं फुलं वाचवायला. पण कुंपणानं गुरंही बंद झाली. गुरं चरायची, गवत कमी ठेवायची, शेण पडायचं. गुरं गेली तसं गवत माजलं आणि फुलं कमी झाली, असं गावातली माणसं बोलायला लागली. शेवटी कुंपण काढून टाकलं. म्हणजे जी गुरं, जे गुराखी, जी शेण वेचणारी पोर पठाराची वाट लावतात असं समजून बाहेर ठेवली, त्यांच्यामुळेच ते पठार तसं होतं. माझी आई त्या फुलांची शत्रू नव्हती. शेकडो वर्षं तिच्यासारख्यांनीच ते राखलं, नकळत. हे ऐकून आई हसली. तिला आपलं कौतुक ऐकायची सवय नाही.

तिसरी गोष्ट अजून राहिली. मनाई, मर्यादा आणि मोल. आम्ही गेलो तेव्हा माणशी १५० रुपये प्रवेश होता. त्यात गाडी, खाणं. आमच्याकडे जयंतीचे पैसे होते म्हणून अकरा पोरं आली. आमच्याच गल्लीतली बाकीची सत्तर-ऐंशी आली नाहीत. त्यांना कुणी जात विचारली नव्हती. तरीही ती बाहेरच राहिली.

रस्त्यावर एका टपरीवर चहा घेतला. आमच्या वडापच्या काचेवर पोरांनी निळा झेंडा लावला होता. टपरीवाल्यानं झेंड्याकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. मी वाट बघत होतो. माझ्या आजोबांनी गावातल्या हॉटेलातली वेगळी कपबशी बघितली होती, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेली, आपली आपण धुवायची. टपरीवाल्यानं सगळ्यांना कागदी कप दिले. आम्हालाही, आमच्या शेजारच्या पुण्याच्या गाडीवाल्यांनाही. चहा पिऊन झाला, कप टोपलीत टाकला. आता सांगा, तो माणूस कसा होता? मला सांगता येणार नाही. कागदी कपानं प्रश्न मिटवला की लपवला? पाणी पण बाटलीचं, वीस रुपयांना. बाटली जात विचारत नाही, वीस रुपये विचारते. १९०१ साली त्या मुलांच्या खिशात दुप्पट भाडं द्यायला पैसे होते, पण पाणी मिळालं नाही. आज पैसे असले तर मिळतं. हे पुढं पडलेलं पाऊल आहे, मी नाकारत नाही. पण ज्याच्या खिशात वीस रुपये नाहीत त्याला आजही डोंगराकडेच बोट दाखवतात.

म्हणून साथी, तुझ्या दुसऱ्या म्हणण्याला, पैशाच्या म्हणण्याला, माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तू अर्धा बरोबर आहेस. ११ हजार ६०० मधले २३० रुपये उरले, ते मी मंडळात जमा केलेत. कपाट आलं नाही. माझे दोन खाडे झाले, ११०० रुपये गेले, घरात त्यावरून बोलणी बसली. खाडीकडच्या झोपड्यांच्या नोटिसा तशाच आहेत. फुलं बघून त्यातलं काही बदललं नाही, आणि फुलं बघणं म्हणजे सत्याग्रह, असलं भंपक बोलायची माझी तयारी नाही. लढा तो लढा, फूल ते फूल.

पण एक विचारतो. आपण लढतो कशासाठी? नळाला पाणी यावं, झोपडी पक्की व्हावी, पोरं शिकावीत. आणि मग? पाणी आलेल्या, पक्क्या घरात राहणाऱ्या, शिकलेल्या माणसानं काय करायचं? त्या माणसाला जर फुलाकडे बघता येत नसेल, त्यानं फक्त फोटो काढून पुढं जायचं, किंवा चिखलात बूट घालायचा, तर आपण ज्यांच्याविरुद्ध लढलो त्यांच्यासारखंच एक माणूस तयार केलं. बघणं शिकावं लागतं. भूक भागल्यावर ते आपोआप येत नाही. मिलचा मालक भरल्या पोटाचा आहे, त्याच्या केबिनमध्ये प्लॅस्टिकची फुलं आहेत. आणि ज्या दिवशी सगळं मिळेल त्या दिवसापर्यंत बघणं पुढं ढकलायचं म्हटलं, तर माझे आजोबा गेले, आईची पन्नाशी उलटली. तिनं किती थांबायचं?

तर माझं मत बदललंय, आणि ते असं. जावं. पण तीन गोष्टी विचारून जावं. मला कुणी माझ्या जन्मावरून अडवतंय का? अडवत असेल तर तिथं लढावं, मग फुलं. माझ्यामुळे काही मरतंय का? मरत असेल तर मागे सरावं, त्यात कमीपणा नाही. आणि पैशामुळे कोण मागे राहिलं? त्याचा हिशेब ठेवावा आणि पुढच्या वेळी त्याला आधी न्यावं.

म्हणून बैठकीपुढे एक सूचना मांडतो. पुढच्या पावसाळ्यात गल्लीतली सगळी पोरं घेऊन कान्हेरीला जाऊ. लांब कुठं नाही, आपल्या बोरिवलीच्या जंगलात, चारकोपच्या गच्चीवरून तो डोंगर दिसतो. खर्च कमी. शंभरावर लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरलेली. तिथं भिक्खू राहत होते. लेण्यांपाशी दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, तिथल्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलंय. पावसाचं पाणी डोंगरावरच अडवायचं आणि साठवायचं, अशी सोय. ज्यांनी डोंगरावर पाणी ठेवलं ती माणसं आपली. पाणी डोंगरावर आहे, जाऊन आणा, असं सांगणारा तो टोलनाक्यावरचा माणूस आपला नव्हता. पोरांना दोन्ही गोष्टी तिथं बसून सांगू. आणि लेण्यांच्या पायऱ्यांच्या फटीत पावसाळ्यात जे काही उगवलेलं असेल तेही दाखवू. नावं माहीत नसली तरी चालेल.

त्या नववीतल्या पोराला मी शेवटी काय सांगितलं ते राहिलं. एसटी पनवेलच्या पुढं आल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. विचारलं, "दादा, मी चुकलो का?" मी म्हणालो, "तू बोललास ते बरोबर होतं. जिथं उभा राहून बोललास ती जागा चुकली." तो बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "त्या आजोबांना पण हे सांगायला पाहिजे होतं, की आम्ही फुलं तुडवायला नव्हतो आलो." मी म्हणालो, पुढच्या वर्षी सांगू.

आल्यावर साथी भेटला. हसत म्हणाला, काय आणलं? मी म्हणालो, काही नाही, तिथं तोडायला मनाई आहे. मग माझी चूक माझ्याच लक्षात आली. मनाई नाही, मर्यादा आहे.

ज्यांना हे पटलं नसेल त्यांनी पुढच्या अंकात लिहावं. साथीनं लिहायचं कबूल केलंय. त्याचा लेख माझ्या लेखापेक्षा लांब असला तरी छापू. स्टेन्सिल मी कापीन.

जय भीम.